पहिल्या वर्षाचा पगार कोणी द्यायचा?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो काय सांगणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. मुलांनो शिका, पालकांनो मुलांना शिकवा! गेली कित्येक वर्षे या व्यासपीठावरून आम्ही हेच सांगत आलो आणि आपण ते ऐकलेत, याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. पण आज मला त्याच्या पुढचे बोलायचे आहे. शिकून झाल्यावर काय?

गेल्या उन्हाळ्यात आपल्याच शाळेतून दहावी झालेल्या एका मुलाचे वडील मला बाजारात भेटले. मुलाने पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले, मग एम.एस्सी. केले. आता तो मोबाईलच्या दुकानात काम करतो. वडील म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलेत म्हणून मी त्याला आखातात पाठवला नाही, शिकवला. जिथे जातो तिथे दोन वर्षांचा अनुभव आणा म्हणतात. कोणी कामच दिले नाही तर अनुभव आणायचा कुठून?" मी दोन धीराचे शब्द बोललो आणि घरी आलो, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेले नाही, हे मला माहीत होते. आजचे हे भाषण म्हणजे ते उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे. मी अर्थशास्त्रज्ञ नाही, साधा बी.ए., बी.एड. शिक्षक आहे. जेवढे वाचले आणि जेवढे समजले तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न आजचाही नाही. डॉ. सलीम अली यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पक्षिशास्त्रात त्यांनी भारताचे नाव जगात नेले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण त्यांना मिळाले. परंतु तरुणपणी हाच माणूस नोकरीसाठी वणवण फिरत होता. प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यातील जागा त्यांना रीतसर पदवी नसल्यामुळे मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, निसर्ग विभागाची माहिती लोकांना सांगण्याचे काम मिळाले. पुढे ते जर्मनीत जाऊन शिकले आणि १९३० मध्ये परत आले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती. म्हणजे पूर्वी पदवी नव्हती म्हणून नोकरी नाही, आणि परदेशी शिकून आले तर जागा नाही! त्या दिवसांत ते अलिबागजवळ किहीम येथे राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. नंतर त्यांनी संस्थानिकांना सांगितले की मला पगार नको, तुमच्या मुलखातील पक्ष्यांच्या पाहणीचा खर्च तेवढा द्या. हैदराबाद संस्थानाने तो दिला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला.

यातून मी एकच गोष्ट घेतो. सलीम अलींची हुशारी त्यांची स्वतःची होती, पण सुरुवातीचा खर्च कोणीतरी उचलावा लागला. पगाराशिवाय काम करण्याइतकी घरची सोय आपल्या किती मुलांची आहे? रिक्षा चालवणाऱ्या, मच्छी विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या घरातला मुलगा सहा महिने फुकट काम करू शकत नाही. मग तो मोबाईलच्या दुकानात जातो. त्यात त्याचा दोष नाही.

आता मालकाच्या बाजूनेही पाहू, कारण त्याला नुसती नावे ठेवून काही साधणार नाही. समजा, एका प्रयोगशाळेला पाण्याचे नमुने तपासण्यासाठी माणूस हवा आहे आणि पगार १५ हजार रुपये आहे. महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा पहिले काही महिने १५ हजारांचे काम करू शकत नाही. नमुना कसा घ्यायचा, बाटली कशी बंद करायची, नोंद कशी ठेवायची, हे त्याला शिकवावे लागते. शिकवणाऱ्या जुन्या माणसाचा वेळ जातो. आणि वर्षभराने तो तयार झाला की दुसरा मालक त्याला दोन हजार जास्त देऊन घेऊन जातो. शिकवण्याचा खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा! म्हणून प्रत्येक मालक म्हणतो, दुसऱ्याने शिकवलेला माणूस मला द्या. सगळेच असे म्हणू लागले तर नव्या माणसाला शिकवणार कोण?

या कोंडीवर जगभर एक उपाय करून पाहिला गेला आहे. नव्या पदवीधराला कामावर घेणाऱ्या मालकाला त्या मुलाच्या पगाराचा काही भाग काही महिने सरकारने द्यायचा. कॅनडात केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने 'सायन्स होरायझन्स' नावाचा कार्यक्रम याच कल्पनेवर चालवला. तीस वर्षांपर्यंतच्या तरुण पदवीधरांना पर्यावरणाचे काम देणाऱ्या मालकांना त्यातून पगारासाठी मदत मिळाली.

पर्यावरणाच्याच पदवीधरांसाठी वेगळी मदत का, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. साबण तयार करणारा साबण विकतो. पण स्वच्छ नदी कोणी दुकानात विकत नाही. तिचा फायदा खालच्या अंगाच्या कोळ्याला, शेतकऱ्याला, पाणी भरणाऱ्या बाईला होतो, पण त्यातला एक पैसाही कारखान्याच्या खात्यात जमा होत नाही. म्हणून कायदा जेवढे करायला लावील तेवढीच माणसे कारखाना या कामावर ठेवतो. आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये झाला, हवेचा १९८१ मध्ये, आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत विषय आला, पुस्तके आली, पदव्या आल्या. नोकऱ्या मात्र त्या प्रमाणात आल्या नाहीत.

तरी काम आहे आणि ते आपल्या दाराशी आहे. लोटे परशुराम, महाड, तळोजा, तारापूर या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांचे सांडपाणी एकत्र आणून शुद्ध करणारी केंद्रे आहेत. त्या पाण्यात किती घाण उरली हे रोज तपासावे लागते. सेंद्रिय घाण मोजण्याची एक चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस पाणी ठेवून करतात. नदीनाल्यांत सोडण्याच्या पाण्यात ती लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असे सर्वसाधारण मान आहे. हे आकडे कोणी तरी मोजतो, लिहितो आणि सही करतो. नगरपालिकेचा कचरा, इस्पितळाचा कचरा, मोठ्या इमारतींचे सांडपाणी, रस्त्याच्या किंवा बंदराच्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल, या सर्वांना शिकलेली माणसे लागतात. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या काठी राहणाऱ्या मुलांपेक्षा हे काम कोणाला अधिक जवळचे असावे?

आता आपल्या देशात कोणत्या सोयी आहेत ते सांगतो. पालकांनी हे नीट ऐकावे, कारण पुष्कळ घरांत याची माहितीच पोचलेली नाही.

पहिली सोय शिकाऊ उमेदवारीची. तिचा कायदा १९६१ चा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. म्हणजे आपला बी.एस्सी. झालेला मुलगाही आता शिकाऊ उमेदवार होऊ शकतो. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९ हजार रुपये ठरवले, आणि केंद्राच्या योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा भाग सरकारने उचलायचा अशी व्यवस्था आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे तो नियम सांगतो. पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवारी मंडळ मुंबईत आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, आणि मुदत संपल्यावर त्याला कायम करणे मालकावर बंधनकारक नाही. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरी सोय आपल्या राज्याची. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी झालेल्यास ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविका असलेल्यास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये दरमहा शासनाने द्यायचे ठरले. मुदत आरंभी सहा महिन्यांची होती, ती पुढे पाच महिन्यांनी वाढवली गेली. तिसरी, केंद्राची योजना, १ ऑगस्ट २०२५ पासूनची. तीत भविष्य निर्वाह निधीत प्रथमच नाव लागलेल्या नोकरदारास दोन हप्त्यांत १५ हजारांपर्यंत, आणि जादा माणसे घेऊन ती टिकवणाऱ्या मालकास माणशी महिना ३ हजारांपर्यंत दोन वर्षे मदत ठरली आहे. ३१ जुलै २०२७ पर्यंत निर्माण होणाऱ्या नोकऱ्या तीत धरल्या जातील. याखेरीज केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये हरित कौशल्यांचे प्रशिक्षण सुरू केले.

इतके ऐकल्यावर वाटेल की प्रश्न सुटला. मित्रहो, तसे नाही, आणि या बाबतीत मी आपल्याला भुलवू इच्छित नाही. मालकाला पैसे दिले की नोकरी मिळते, हे दरवेळी खरे ठरलेले नाही.

अमेरिकेत डेटन नावाच्या शहरात १९८० च्या सुमारास एक प्रयोग झाला. नोकरी शोधणाऱ्या गरीब लोकांपैकी काहींना चिठ्ठ्या दिल्या. मला कामावर घ्याल तर सरकार तुम्हाला पैसे देईल, असा त्या चिठ्ठीचा अर्थ. बाकीच्यांना चिठ्ठी दिली नाही. निकाल उलटा लागला. चिठ्ठी नसलेल्यांपैकी शंभरात जवळजवळ २१ जणांना काम मिळाले आणि चिठ्ठी असलेल्यांपैकी सुमारे १३ जणांना! अभ्यासकांनी कारण दिले ते असे की, चिठ्ठी पाहून मालकांना वाटले, ज्याला घ्यायला सरकार पैसे देते त्याच्यात काही तरी खोट असली पाहिजे.

दुसरा प्रयोग जॉर्डनमधला, २०१० चा. तेथे महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलींना अशीच पत्रे दिली. मुलीला कामावर घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत महिना १५० दिनार मिळत. तेवढेच तेथले किमान वेतन होते. मदत चालू होती तोवर नोकरी करणाऱ्या मुलींचे प्रमाण शंभरात चाळिसाच्या आसपास वाढले. मदत संपली आणि ही वाढ जवळजवळ सगळी ओसरली. आपल्या राज्यातही २०२५ मध्ये युवा प्रशिक्षणाची मुदत संपलेले तरुण, आम्हाला कायम करा म्हणून आंदोलन करताना आपण पाहिले. त्यांची व्यथा खरी होती. अकरा महिने काम केलेल्या मुलाला बाराव्या महिन्यात घरी बसवणे ही थट्टा आहे.

तिसरा अनुभव दक्षिण आफ्रिकेचा, आणि तो थोडा धीर देणारा आहे. तेथे तरुणांना अशी पत्रे दिली, तेव्हा फार थोड्या मालकांनी प्रत्यक्षात पैसे घेतले. तरीही पत्र मिळालेले तरुण एका वर्षाने आणि दोन वर्षांनीही इतरांपेक्षा अधिक प्रमाणात नोकरीत होते. मला वाटते, आपल्या खिशात काही तरी आहे या जाणिवेने ते अधिक दारे ठोठावत गेले असावेत.

या तिन्ही गोष्टींतून मी तीन बोध घेतले. पहिला, मदत दयेची म्हणून दाखवू नये. गरीब मुलगा आहे, आमच्या समाजाचा आहे, घ्या हो, पैसे आम्ही देतो, असे म्हटले की मुलाची किंमत उतरते. दुसरा, नुसता पगार देऊन भागत नाही. त्या महिन्यांत मुलाच्या हाती टिकाऊ कसब आले पाहिजे. तिसरा, मुलाला दारापर्यंत जाण्याची हिंमत दिली तर तीही कामाला येते.

आता थोडे नाजूक बोलतो. पुष्कळ पालक मला म्हणतात, "सर, नाव वाचले की अर्ज बाजूला ठेवतात." ही तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते, आणि मुस्लिम नावाच्या अर्जांना बोलावणे बरेच कमी आले. पण याच नाण्याची दुसरी बाजूही पाहा. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की, देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर ५० विद्यार्थ्यांत एक मुस्लिम होता. म्हणजे अर्ज बाजूला ठेवले जातात हे जसे खरे, तसे आपले अर्जच थोडे आहेत हेही खरे. पूर्वग्रह भाषणांनी जात नाही. सहा महिने शेजारच्या टेबलावर बसून नीट काम करणाऱ्या मुलाला पाहून तो पुष्कळदा जातो. पहिल्या सहा महिन्यांच्या पगाराला मी महत्त्व देतो ते यासाठीही.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, शिष्यवृत्त्या देतो. ते चालू राहावे. पण त्यासोबत एक लहान निधी 'पहिल्या नोकरी'साठी काढावा. एका पदवीधरामागे महिना ५ हजार रुपये धरले तर वर्षाचे ६० हजार होतात. पाच पदवीधरांचे ३ लाख. आपल्या समाजात लग्नाच्या एका मांडवाला काय खर्च येतो हे मी येथे सांगण्याची गरज नाही. जकातीचा पैसा यात वापरता येईल की नाही हे मौलाना साहेबांना विचारावे. मी सुचवतो तो स्वेच्छेच्या देणगीचा निधी.

पण पैसे देताना चार अटी असाव्यात. एक, मालकाने काय शिकवणार हे लेखी द्यावे. दोन, आपला हिस्सा जमेस धरून पुरा पगार दर महिन्याला मुलाच्या बँक खात्यात वेळेवर जमा व्हावा. मजुराची मजुरी अडवून ठेवू नये ही आपल्या धर्माची ताकीदच आहे. तीन, जुन्या माणसाला काढून त्या जागी आपला मुलगा घेऊ नये. एकाचे घर बसवून दुसऱ्याचे उभे करायचे नाही. चार, मदतीचा मोठा हप्ता शेवटी, मुलाला कामावर कायम ठेवल्यावर द्यावा. आणि ही मदत आपल्या संस्थेतून शिकलेल्या प्रत्येक लायक विद्यार्थ्याला मिळावी, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो. नदीचे पाणी कोणाचे नाव विचारून गढूळ होत नाही.

मुलींविषयी वेगळे सांगतो. प्रयोगशाळेचे काम मुली उत्तम करतात, हे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही रोज पाहतो. त्यांची अडचण पुष्कळदा पगाराची नसते, एस.टी.च्या शेवटच्या गाडीची असते. जॉर्डनमध्ये मदत संपताच मुली घरी परतल्या, हे मी सांगितलेच. तसे आपल्याकडे व्हायचे नसेल तर निधीतून जाण्यायेण्याची सोय आधी पाहावी, आणि पालकांनीही मुलीची नोकरी ही लग्न ठरेपर्यंतची गोष्ट मानू नये.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याशी दोन शब्द. कोणी पगाराचा अर्धा भाग भरला तरी काम पूर्णच करावे लागते. पदवी घेताना सुट्टीत नगरपालिकेच्या पाणी विभागात, एखाद्या प्रयोगशाळेत महिनाभर जाऊन पाहा. नोंदवही स्वच्छ ठेवायला शिका. आणि सर्वांत महत्त्वाचे, आकडा खोटा लिहू नका. या धंद्यात ३० च्या जागी ८० आले तरी ३० लिहा, असे सांगणारे भेटतील. त्या एका आकड्यावर खाली पाणी पिणाऱ्या लेकरांचे आरोग्य अवलंबून असते. तेथे तुमचा इमान तपासला जाईल. त्या दिवशी खरा आकडा लिहिलात, तर तुम्हाला शिकवल्याचे आमचे सार्थक झाले.

शेवटी त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. अनुभव आणायचा कुठून? माझे उत्तर असे आहे. थोडा सरकारने द्यायचा, थोडा मालकाने, थोडा समाजाने, आणि उरलेला मुलाने स्वतः मिळवायचा. यांतल्या एकानेही हात आखडला तर तो मुलगा मोबाईलच्या दुकानातच राहील आणि नदी आहे तशी वाहत राहील. या मेळाव्यानंतर मी त्या वडिलांना पुन्हा भेटणार आहे. शिकाऊ उमेदवारीचा अर्ज त्या मुलासोबत बसून भरायचे मी ठरवले आहे. आपल्यापैकी ज्यांचे कारखान्यात, नगरपालिकेत, प्रयोगशाळेत ओळखीचे कोणी आहे त्यांनी मेळावा संपल्यावर मला जरूर भेटावे. मला तेवढीच बक्षिसी पुरे.